यंदा झांजा कुठे गेल्या?

२ नोव्हेंबर

भिंगरे,

आशीर्वाद घे आणि लगेच भांडायला बस. यंदाचे माझे पाच ठरले.

नियम तुला पाठ आहेत, तरी पुन्हा लिहितो, कारण गेल्या वर्षी तू सरळसरळ लबाडी केलीस. फक्त याच वर्षात आलेल्या हेवी मेटलच्या कॅसेटी. पाच तुझ्या, पाच माझ्या. फोनवर चर्चा नाही, जे काय ते पत्रात, म्हणजे मागाहून "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणायची सोय नाही. आणि पहिला नंबर दोघांचा मिळून एकच, तो वर्ष संपायच्या आत ठरलाच पाहिजे. तू दोन वेण्या घालून माझ्या टेपसमोर मुंडी हलवायचीस, तेव्हापासून एकही वर्ष बिनानंबराचं गेलेलं नाही. यंदाही जाणार नाही.

तर पहिला, कुंभकर्ण. (बँडची खरी नावं लिहायला माझी जीभ आणि पेन दोन्ही वळत नाहीत, आपण ठेवलेलीच बरी.) गाणं सुरू झाल्यावर पहिला ठोका पडेपर्यंत माणूस चहा करून येतो. पण पडतो तेव्हा खुर्चीचे पाय हलतात. दुसरे गिरणीवाले. तिसरी किंकाळीबाई. चौथे लोहार, तेही जड मनाने. पाचवी जागा रिकामी ठेवलीय, तळघरवाल्यांची नवी कॅसेट इथल्या दुकानात अजून आलेली नाही.

लोहारांना चौथा का, म्हणून तू थयथयाट करशील. झांजांमुळे! अगं, यंदा झांजा गेल्या कुठे? ढोल ऐकू येतो, गिटारी छातीवर येऊन बसतात, पण वरचं ते झणझणणारं, ते डोक्यात ठिणग्या पाडणारं, ते काहीच नाही. आधी वाटलं, लोहारच बिघडले. मग गिरणीवाल्यांचीही तीच गत. किंकाळीबाई तर उशीत तोंड खुपसून किंचाळतेय. जगातल्या सगळ्या स्टुडिओवाल्यांनी सभा घेऊन ठरवलंय की काय, की यंदा झांजांवर गोधडी टाकायची?

कामाचं म्हणशील तर मामीच्या इमारतीची लिफ्ट आता माझ्याकडे आलीय. तीच बारा मजली, जिच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर मामी पडदे शिवायला जाते. गच्चीवरच्या खोलीत लिफ्ट ओढणाऱ्या मशीनचं जुनं धूड आहे. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो. लिफ्टमनला वाटतं, मी यंत्राची तब्येत विचारतो. तसंच आहे ते. बेअरिंग जायच्या आधी बारीक शीळ घालतं. शीळ आली की उघडायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. या धुडाला शीळ नाही. ठणठणीत आहे.

आणि एक. तू त्या दातांच्या कारखान्यात हेडफोन लावून बसतेस म्हणे. कवळ्या घासायच्या मशीनचा आवाज दाबायला त्याच्याहून मोठ्याने वाजवतेस, असं तुझी आई सांगत होती. कान काय दुकानात मिळतात का गं?

तुझा मामा


११ नोव्हेंबर

मामा,

नमस्कार केला. आता भांडते.

लोहार चौथे? चौथे?? पत्र वाचून मी घासायला घेतलेली कवळी खाली ठेवली, म्हणून त्या आजोबांचे दात वाचले. लोहार माझ्याकडे पहिले आहेत. दुसरी किंकाळीबाई, तिसरे तळघरवाले (आमच्या दुकानात आलेत, जळ तू), चौथे गिरणीवाले आणि पाचवा तुझा कुंभकर्ण, तोही तुझ्या वयाचा मान ठेवून.

आणि झांजा नाहीत म्हणजे काय? लोहारांच्या त्या कॅसेटीत झांजाच झांजा आहेत! दुसरी बाजू लावली की माझ्या दाताच्या मुळापर्यंत झिणझिण्या जातात. मामा, सरळ सांगते, तुझ्या टेपचं हेड मळलंय. शेवटचं कधी पुसलंस? हेडवर मळ बसला की आधी वरचे आवाज जातात आणि सगळं गोधडीतून आल्यासारखं वाटतं. हे मला शिकवलं कुणी? तूच. स्पिरिट घे, काडीला कापूस गुंडाळ, हेड लख्ख पूस आणि मग माझ्या लोहारांची माफी माग.

रविवारी तुमच्या शेजारी फोन केला होता, तेव्हा तुला काय झालं होतं रे? मी विचारलं, मामीची सर्दी कशी आहे. तू म्हणालास, "हो हो, चालेल." चालेल काय? मग मी म्हटलं, आई तुझी आठवण काढते. तू म्हणालास, "पाठव की." आई पाठवू? घेशील ठेवून?

हेडफोनचं आईने तिखटमीठ लावून सांगितलंय. पण मशीनची ती किरकिर तू एकदा ऐकच. दिवसभर कुणीतरी काचेवर नख ओढतंय असं वाटतं. शेजारी मेणवाली बसते (ती मेणात दात बसवते, मी घासते), ती कानात कापूस घालते आणि मला बहिरी होशील म्हणून शाप देते. मी लोहार लावते. ज्याची त्याची औषधं.

हेड पूस. आजच.

भिंगरी


२० नोव्हेंबर

भिंगरे,

पुसलं. लख्ख पुसलं. इतकं की त्यात तोंड दिसेल. झांजा नाहीत.

मग म्हटलं, टेपच म्हातारा झाला. नवा आणला. मामी दोन दिवस बोलली नाही. नव्यावर लोहार लावले, झांजा नाहीत. जुन्या वर्षांच्या कॅसेटी लावल्या, तर त्यांतल्याही गेल्या! म्हणजे कॅसेटीच पडून पडून उतरल्या. ओल लागली असणार. सगळं कपाट बाहेर काढून उन्हात ठेवलंय.

हल्ली एकही वस्तू धड मिळत नाही बघ. मनगटावरच्या घड्याळाचा गजर वाजायचा बंद झाला. घड्याळवाल्याने बॅटरी बदलली, तरी नाही. तो म्हणतो वाजतोय. मी म्हटलं, तुझ्या दुकानात वाजतो, माझ्या हातावर वाजत नाही, हा काय चमत्कार? तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मीच येडा. मी घड्याळ तिथेच टाकून आलो. आणि फोनचं म्हणशील तर शेजाऱ्यांच्या फोनमध्ये सगळे बोबडेच बोलतात. म्हणून म्हणतो, पत्र बरं.

एक गोष्ट मात्र झकास आहे, आमचं धूड. मागच्या आठवड्यात लिफ्टमन कुरकुरत होता की वर काहीतरी वाजतंय. मी गेलो, स्क्रूड्रायव्हर लावला, चांगलं निवांत ऐकलं. काही नाही. तरी बिचाऱ्याचं समाधान म्हणून ग्रीस भरलं. आता तर इतकं गप्प झालंय की बस. मामीला म्हटलं, तुझ्या लिफ्टइतकी शांत लिफ्ट गावात नाही, खुशाल जा-ये कर.

तळघरवाले इथे येतच नाहीत. तुझी कॅसेट पाठव. नीट गुंडाळून, ओल न लागू देता. तुझी तरी उतरलेली नसेल.

मामा


२७ नोव्हेंबर

मामा,

कॅसेट सोबत आहे. जपून. एकच आहे माझ्याकडे.

तुझं पत्र वाचून हसले, मग का कुणास ठाऊक, हसू थांबलं. तू नवा टेप घेतलास? जुना टेप तू कुणाला हातही लावू द्यायचा नाहीस. जाऊ दे. मी उगाच काहीबाही मनात आणते, आईचा स्वभाव.

तळघरवाले सगळे ऐक, पण शेवटचं गाणं दिवा बंद करून ऐक आणि ते कसं सुरू होतं ते मला लिही. मी काहीही सांगणार नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. गाणं सुरू व्हायच्या आधीचं ते एक मिनिट! एवढ्या आरडाओरड्याच्या बँडला हे सुचलं कसं? ते मिनिट तुला आवडलं नाही, तर मी तुला मामा म्हणायची नाही.

भिंगरी


५ डिसेंबर

भिंगरे!

हरलो. लोहार गेले, कुंभकर्ण गेला, सगळे गेले. पहिला नंबर तळघरवाले. लिहून घे.

काय ते मिनिट! तू म्हणालीस तसा दिवा घालवून बसलो. आधीचं गाणं संपलं आणि मग काही नाही. काही म्हणजे काहीच नाही! मला वाटलं, कॅसेट अडकली. उठून बघितलं, तर चाकं फिरताहेत. पुन्हा बसलो. आणि ती शांतता संपेचना. नुसती शांतता, साधी खरखरसुद्धा नाही, विहिरीत डोकं घातल्यासारखी. आणि मग एकदम ते गिटारींचं छप्पर कोसळतं! भिंगरे, मी खुर्चीतून उडालो. मामी आतून धावत आली.

एवढं धाडस कुणाच्यात असतं? सगळे जण आवाज वाढवत सुटलेत आणि हे पठ्ठे एक मिनिट गप्प बसतात. या वर्षाचं हेच. बाकी सगळ्यांनी घरी जावं.

तेव्हापासून मला त्या शांततेचं वेडच लागलंय. काल धुडाला स्क्रूड्रायव्हर लावून बसलो होतो, तर अगदी तीच शांतता. तीच, हुबेहूब. लिफ्टमनला म्हटलं, ऐक, याला म्हणतात तब्येत. तो काहीतरी पुटपुटला. त्याला संगीतातलं कळत नाही.

आता तू हो म्हण, म्हणजे वर्ष मिटलं.

तुझा मामा


तार
९ डिसेंबर

मामीची लिफ्ट ताबडतोब थांबव मामीला जिन्याने पाठव पत्र मागून येतंय भिंगरी


९ डिसेंबर

मामा,

तार मिळाली असेल. रागावला असशील. रागाव, पण आधी लिफ्ट बंद कर आणि मग पुढचं वाच. बंद केलीस? शपथ घालते.

मामा, त्या मिनिटात शांतता नाहीये.

त्यात घंटी आहे. लहानशी, बारीक, लांब कुठेतरी वाजणारी घंटी. सुरुवातीपासून. तुझं पत्र वाचल्यावर मी कॅसेट मागायला दुकानात धावत गेले, दुकानदाराची प्रत तिथेच उभ्याने लावली, कारण मला वाटलं, मीच चुकतेय. घंटी आहे. दुकानदारालाही विचारलं. आहे.

आणि तू लिहिलंस, खरखरसुद्धा नाही. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. कॅसेटीवर खरखर नाही असं होतच नाही, मामा. हेही तूच शिकवलंस. कॅसेट कोरी असली तरी सूं सूं करतेच. आणि तळघरवाल्यांची तर एरवीही पन्हाळ गळल्यासारखी खरखरते.

तेव्हा झांजा गेलेल्या नाहीत. हेड मळलेलं नाही, कॅसेटी उतरलेल्या नाहीत, घड्याळवाला खरं बोलत होता. आणि तुमचं धूड गप्प नाहीये. लिफ्टमन सांगत होता ना, वर काहीतरी वाजतंय?

मला हे लिहिताना रडू येतंय. तुला हे कसं सांगायचं म्हणून मी आधी गप्पच बसणार होते. म्हटलं, भेटेन तेव्हा सांगेन. मग कवळी घासता घासता डोळ्यांसमोर मामी आली, ती पडद्याच्या कापडाचा गठ्ठा घेऊन लिफ्टमध्ये शिरते, जाळीचं दार ओढते, आणि वर ते... मी मशीन चालू टाकून पोस्टात धावले. मालक ओरडत राहिले.

मला खोटी पाड. लिफ्ट उघडून बघ आणि मला लिही की भिंगरे, तू ठार वेडी आहेस. मी ते पत्र चौकटीत लावून ठेवीन.

रोज पोस्टमनची वाट बघतेय.

भिंगरी


१६ डिसेंबर

भिंगरे,

खोटी पाडायला गेलो होतो.

तुझी तार आली तेव्हा मी घरी नव्हतो. मामीने फोडली आणि पांढरीफटक पडली. तिला वाटलं, तुला स्वप्न पडलं. मी आल्यावर हसलो, मग चिडलो. पोरीला नंबर जिंकायची एवढी हौस, की तार करते! पण मामी ऐकेना. दुसऱ्या दिवशी जिन्याने गेली, बारा मजले, मध्ये बसत बसत. आणि जाता जाता लिफ्टमनला विचारलं, वर काही वाजतं का हो? तो म्हणाला, "बाई, महिनाभर शिट्टी वाजतेय. साहेबांना रोज सांगतो. ते डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, वा."

हे तिने मला सांगितल्यावर मी तिच्यावर एवढा ओरडलो, एवढा ओरडलो की शेजारी आले. आता कळतं, मला राग नव्हता आला. मी घाबरलो होतो.

पत्र फोडलं तेव्हा मी वर मशीनच्या खोलीत होतो. पोस्टमनकडून घेऊन तसाच वर आलो होतो. उभ्याने वाचलं. यंत्र चालू होतं, लिफ्ट भरलेली, लोक वर येत होते. मी स्क्रूड्रायव्हर लावला नाही. लिफ्टमनला वर बोलावलं आणि म्हटलं, तू ऐक, आणि जसं वाजतं तसं मला तोंडाने वाजवून दाखव. त्याने ओठ मुडपले आणि हवा सोडली. मला त्याचे ओठ दिसले, भिंगरे. आवाज आला नाही.

लिफ्ट खाली लागल्या लागल्या मेन स्विच ओढला.

उघडलं तर बेअरिंगमधल्या गोळ्यांचा चुरा झालेला, आणि ज्या शाफ्टवर दोरांचं मोठं चाक बसतं, त्याला तडा. नखाएवढा जोड उरला होता. ब्रेक असतो, पण तो मोटरच्या बाजूला असतो. हा शाफ्ट तुटला की ब्रेक धरणार कुणाला? लिफ्टच्या डब्याखाली रूळ पकडणारे जबडे असतात, ते लागलेही असते, कदाचित. मी ते जबडे किती जुने आहेत ते बघितलं आणि तिथेच जमिनीवर बसलो. लिफ्टमनने पाणी आणलं. ते सगळं शर्टावर सांडलं. मी मामीला म्हणालो होतो, खुशाल जा-ये कर. मीच म्हणालो होतो गं.

मग कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एका बंद खोक्यात बसवतात. हातात बटण देतात, आवाज आला की दाबायचं. पहिले जाड जाड आवाज आले, मी टकाटक दाबले. मग थांबले. मी वाट बघत बसलो. म्हटलं, बाई चहाला गेल्या की काय. काचेतून बघितलं, तर त्या माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्यांचा हात यंत्रावर फिरत होता.

वरचे आवाज गेलेत. परत येत नाहीत म्हणाल्या. इतकी वर्षं मशीनच्या खोल्या, आणि घरी आल्यावर आपले कुंभकर्ण नि लोहार. उरलंय ते सांभाळा, नाहीतर तेही जाईल. कंपनीने मला गोदामात बसवलंय. तिथे कुणाचा जीव माझ्या कानावर नाही. बरं झालं.

पण संध्याकाळी भीती वाटते. टेपसमोर बसतो आणि लावत नाही. लावलं आणि उद्या आणखी काही कमी झालं तर? आधी झांजा गेल्या. मग किंकाळीबाई जाईल. मग मामीचा आवाज?

एक काम कर माझं. मी ज्या मिनिटाला पहिला नंबर दिला, ते मी ऐकलेलंच नाही. ते मला लिहून पाठव. जसं आहे तसं, सगळं. घंटी कशी वाजते, कुठून येते, कुठे जाते. वर्ष संपायच्या आत पाठव.

तुझा मामा


२४ डिसेंबर

मामा,

तुझं पत्र मी मामीच्या जिन्यापर्यंत वाचलं आणि बाजूला ठेवलं. पुढचं वाचायला रात्र झाली. मामी आहे. मामी ठीक आहे. हे मी दिवसातून कितीदा तरी स्वतःला सांगते.

आता ते मिनिट. दुकानदाराची प्रत मागून आणली, मेणवालीच्या घरी टेप चांगला आहे, तिथे बसून ऐकत ऐकत लिहिलं. तू मला ज्या कानांनी ऐकायला शिकवलंस त्याच कानांनी.

आधी खरखर. लांब कुणीतरी कोरडं पान तुडवतंय तशी. त्यात घंटी येते. ती देवळातली नाही, सायकलची नाही, त्याहून लहान. पातळ काचेच्या पेल्याला चमच्याचं टोक लागावं, तेवढीच. एकदा वाजते, मग बराच वेळ नाही. मग दोनदा लागोपाठ. म्हणजे कुणाच्या तरी हातात आहे आणि तो चालतोय. खाली उतरतोय, असं मला वाटतं, कारण मागे भिंती जवळ येतात, आवाज ओलसर होतो. कुठेतरी पाणी ठिबकतं. घंटी वाजत वाजत लांब जाते. बारीक होते. आणखी बारीक. आपण कान पुढे करतो, श्वास धरतो. आणि घंटी थांबते.

मग काही नाही. तो जो कोण उतरत होता, तो पोचला किंवा त्याला काहीतरी दिसलं. तू म्हणालास ना, विहिरीत डोकं घातल्यासारखं? तेवढ्या एका तुकड्यात अगदी तसंच आहे. त्या थांबण्यातच सगळी भीती आहे, मामा. आणि मग छप्पर कोसळतं.

म्हणजे तू अगदीच चुकला नव्हतास. शांतता आहे त्यात. शेवटी.

२५ डिसेंबर

पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा बाहेर काढलं.

मेणवालीला वाचून दाखवलं. तिला हे संगीत म्हणजे भांड्यांची दुकानं कोसळल्यासारखं वाटतं, पण ऐकत बसली होती बिचारी. ती म्हणाली, "छान लिहिलंयस, पण घंटी थांबते कुठे?"

मी म्हटलं, थांबते की, गिटारींच्या आधी. ती म्हणाली, नाही गं.

मग आम्ही दोघी टेपसमोर बसलो. ठरवलं, घंटी ऐकू येतेय तोवर बोट वर ठेवायचं. दोघींनी बोटं वर केली. घंटी लांब गेली, बारीक झाली, थांबली. मी बोट खाली घेतलं.

तिचं वरच होतं.

गिटारी कोसळेपर्यंत तिचं बोट वर होतं, मामा. पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. मग मी बाजू बदलून बसले, डोळे मिटून बसले. ती माझ्याकडे बघायची थांबली, खाली बघत राहिली. ती कापूस घालते कानात, आणि मी हसायचे तिला.

तिने शेवट सांगितला, तो लिहिते. घंटी थांबत नाही. शेवटी केसाएवढी बारीक होते आणि भरभर वाजायला लागते, जसं तो माणूस पळत सुटलाय. मग छप्पर.

मला भीती वाटतेय. आईला सांगितलेलं नाही. तू सांग काय करायचं.

भिंगरी


२९ डिसेंबर

भिंगरे,

घाबरू नकोस असं लिहिलं होतं, खोडलं. मी घाबरलोय, तर तुला कुठल्या तोंडाने सांगू?

पण मी उशिरा गेलो, तू वेळेत जाशील. मी दोष देत बसलो स्टुडिओवाल्यांना, टेपला, त्या बिचाऱ्या घड्याळवाल्याला. परवा जाऊन त्याची माफी मागितली. तू कुणाला दोष देत बसू नकोस. डॉक्टरीणबाईंकडे तुझं नाव घातलंय. शनिवारी सकाळची बस पकड आणि ये. त्या खोक्यात एकटी बसावं लागतं, पण काचेच्या अलीकडे मी बसलेला असेन. तुझ्या आईशी मी बोलतो, ती माझ्यावर ओरडेल, मला अर्धंच ऐकू येईल. तेवढाच फायदा.

नंबराचं मिटवून टाकू. पहिला तळघरवाल्यांना, या वर्षाचा. सुरुवात तुझ्या कानांनी, शेवट मेणवालीच्या. मी नुसती सही करतो. तिला म्हणावं, तुझं बोट आमच्या यंदाच्या नंबरात मोजलंय.

ती कॅसेट आता पुन्हा लावू नकोस. कुठलीच लावू नकोस. लोहारांचीसुद्धा. हेडफोन मालकांच्या ड्रॉवरमध्ये टाक आणि उद्यापासून मशीनवर बसशील तेव्हा दोन्ही कानांत कापूस. हे मी तुला सांगतोय, ज्याने तुला पहिल्यांदा टेपसमोर उचलून बसवलं तो. पोरी, माझ्यासाठी एवढं कर.

बसस्टँडवर मी येतो. तिथे गर्दी असते, गाड्यांचा गोंगाट असतो. लांबून "मामा" म्हणून हाक मारू नकोस, मला येणार नाही ऐकू. नुसता हात वर कर आणि मी दिसेपर्यंत वरच ठेव. मी बघत असेन.

तुझा मामा